अकाली प्रसूतीनंतर माता-पित्यांना आधार : भावनिक व व्यावहारिक पैलू

प्रस्तावना :

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेल्या जन्मास अकाली जन्म म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अकाली जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती. नवजात अतिदक्षता विभागांमुळे अशी अनेक बालके आज वाचतात. परंतु बालकाच्या उपचारांचा जेवढा विचार झाला, तेवढा त्याच्या माता-पित्यांचा झालेला नाही. भावनिक आधार आणि व्यावहारिक मदत या परस्परांपासून वेगळ्या बाबी नसून, माता-पित्यांना बालकाच्या शुश्रूषेत स्थान देणे हाच दोहोंचा पाया होय, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माता-पित्यांची मनःस्थिती :

अकाली प्रसूतीत स्त्री बाळंतीण होते, पण बाळ तिच्या कुशीत नसते. बारसे लांबणीवर पडते. अभिनंदन करावे की धीर द्यावा, हे आप्तांना कळत नाही. 'जास्त काम केले म्हणून', 'प्रवास केला म्हणून' असे झाले, हा दोष आई स्वतःकडे घेते व घरातील मंडळीही कळत-नकळत तो तिच्यावर टाकतात. वास्तविक जुळी गर्भधारणा, उच्च रक्तदाब, जंतुसंसर्ग ही यामागील काही ज्ञात कारणे असून अनेक प्रसंगी निश्चित कारण सापडतच नाही. 'सातव्या महिन्यातील मूल जगते, आठव्यातील जगत नाही' ही समजूतही निराधार आहे. गर्भाशयात काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक बालक जगण्याची शक्यता वाढते. पित्याची अवस्था निराळी असते. औषधे, पैसा आणि नोकरी यांच्या धावपळीत त्याची भीती कोणी विचारात घेत नाही. अशा माता-पित्यांमध्ये चिंता व नैराश्य यांचे प्रमाण अधिक आढळते.

शुश्रूषेतील सहभाग :

१९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी उबवणपेट्यांच्या टंचाईवर उपाय म्हणून बालकास आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली. हीच 'कांगारू मातृसेवा' होय. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही सेवा दिल्यास कमी वजनाच्या बालकांचे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यातील एक केंद्र होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. ही सेवा पिता वा आजीही देऊ शकते. 'आपल्या हातून बाळासाठी काही होत आहे' हा अनुभव कोरड्या सांत्वनापेक्षा अधिक बळ देतो. भारत शासनाने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागातून नवजात सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, ती याच विचाराने.

आईच्या दुधाचेही तसेच आहे. बाळ अंगावर ओढू शकत नसले तरी काढलेले दूध त्याला नळीने वा वाटी-चमच्याने देता येते. दूध पुरेसे नसल्यास मातृदुग्धपेढीचा आधार मिळतो. आशियातील अशी पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

व्यावहारिक आधार :

१. माहिती : डॉक्टरांनी दररोज ठरावीक वेळी, सोप्या मराठीत, शक्यतो दोघांनाही एकत्र बसवून बाळाची स्थिती सांगावी.

२. खर्च व रजा : जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये (२०११) शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात बालकास मोफत उपचार मिळतात. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमात अकाली प्रसूतीमुळे उद्भवलेल्या आजारपणासाठी एक महिन्यापर्यंतची जादा सवेतन रजा होती. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ती तरतूद कायम आहे. आस्थापनांनी ती कर्मचाऱ्यांच्या निदर्शनास आणावी.

३. घरची मदत : डबा पोहोचविणे, थोरल्या मुलास सांभाळणे, रात्री रुग्णालयात सोबत करणे ही साधी कामे मोलाची ठरतात. 'वजन किती वाढले?' ही रोजची विचारणा मात्र टाळावी.

४. घरी परतल्यानंतर : ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या वा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकाची दृष्टिपटल तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हावी, विलंबाने कायमचे अंधत्व येऊ शकते. वाढीचे मोजमाप सुधारित वयाने करावे. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी विकासाच्या दृष्टीने ते चार महिन्यांचे समजावे. हे ठाऊक नसल्यास शेजारच्या बाळाशी तुलना होऊन आईची चिंता अकारण वाढते. लसीकरण मात्र सामान्यतः जन्मतारखेनुसारच होते.

निष्कर्ष :

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर माता-पित्यांना केवळ ताटकळत ठेवणारी व्यवस्था बालकाचेही नुकसान करते. स्पर्श, दूध व माहिती या तीन मार्गांनी त्यांना आत घेतले, तर उपचार आणि आधार एकाच वेळी घडतात. त्यासाठी रुग्णालयात आईला बाळाजवळ राहण्याची जागा, कामाच्या ठिकाणी रजा आणि कुटुंबात दोषारोपाऐवजी कामाची वाटणी या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत.