गिरण्या गेल्या, धडा राहिला

अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल आणि जळगावची खानदेश मिल यांच्या भोंग्यांवर एके काळी खानदेशातील हजारो घरांचा दिवस सुरू होत असे. ते भोंगे थांबून कित्येक वर्षे लोटली. गिरण्या का बुडाल्या, याची चर्चा पुष्कळ झाली. मागावर उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाने पुढे काय करावे, याची चर्चा मात्र क्वचितच झाली.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६ मध्ये केंद्र सरकारने बंद गिरण्यांतील कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली. पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साह्य देण्याची तीत तरतूद होती. तीन वर्षांत तो दुसऱ्या कामाला लागेल, हे त्यामागील गृहीत. परंतु ते दुसरे काम त्याला शिकवावयाचे कोणी? १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नूतनीकरण निधीच्या उद्दिष्टांत पुनर्प्रशिक्षण होते. प्रत्यक्षात बहुतांश पैसा स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. काम सोडण्याचे मोल मिळाले, नवे काम शिकण्याचे नाही.

राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. शिक्षणानुसार दरमहा सहा, आठ वा दहा हजार रुपये विद्यावेतन देऊन प्रत्यक्ष कामावर शिकविण्याची ही कल्पना स्वागतार्ह आहे. पण तिची वयोमर्यादा १८ ते ३५ वर्षे ठेवण्यात आली. चाळिशीत ज्याचा कारखाना बंद पडतो, ज्याच्यावर संसाराचा भार असतो, त्याने कोणत्या दारी जावे?

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आज प्लॅस्टिकचे पाइप, चटया आणि ठिबक सिंचनाचे साहित्य तयार होते. तेथील यंत्रेही कायमची नाहीत. यास्तव औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळा सायंकाळी प्रौढ कामगारांना खुल्या कराव्यात, शिकण्याच्या काळात घर चालेल एवढे विद्यावेतन द्यावे, आणि अनुभवाने आलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे. कारखाना चालू असतानाच ही तयारी झाली पाहिजे. तो बंद पडल्यावर हाती पडते ती केवळ भरपाई. आणि भरपाई किती दिवस पुरते, हे खानदेशाने पाहिले आहे.