पुडीत काय आहे?

राष्ट्रीय स्पर्धेला निघायच्या आधीचा रविवार. कोल्हापुरातल्या एका तालमीत सकाळची मेहनत उरकली होती, मॅट पुसून झाली होती आणि पंधरा ते सतरा वर्षांचे पैलवान हातात औषधांच्या पिशव्या घेऊन रांगेत उभे होते. वस्तादांनी बजावून ठेवलं होतं, घरात असेल ते सगळं आणायचं, आईला काही मागं ठेवू द्यायचं नाही. त्यामुळे आलंही सगळंच. बामच्या बाटल्या, मुदत संपलेले डोळ्यांचे थेंब, तळाशी साखर धरलेलं खोकल्याचं औषध, आजोबांच्या बीपीच्या गोळ्या. एकाच्या पिशवीतून तर म्हशीच्या सडाला लावायचं मलम निघालं आणि ते खाली ठेवताना पोरगं स्वतःच लाजलं.

तपासायला बसलेल्या डॉक्टर मॅडम एरवी खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करतात. हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. हातात भिंग, मांडीवर वही, शेजारी फोन. फोनमध्ये 'वाडा' या जागतिक संस्थेची बंदी असलेल्या द्रव्यांची यादी आणि आपल्याकडच्या 'नाडा'चं 'नो युवर मेडिसिन' हे अ‍ॅप. यादी दर वर्षी १ जानेवारीला नव्यानं लागू होते, त्यामुळे जुनी प्रिंट भिंतीला चिकटवून भागत नाही. टेनिसपटू मारिया शारापोव्हा कित्येक वर्षं घेत असलेलं मेल्डोनियम १ जानेवारी २०१६ला यादीत आलं आणि त्याच महिन्यातल्या चाचणीत ती अडकली. ट्रॅमाडॉल ही आपल्याकडे कंबरदुखीपासून फ्रॅक्चरपर्यंत सर्रास दिली जाणारी वेदनाशामक गोळी. ती २०२४पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. एका मुलाच्या पिशवीत पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल एकत्र असलेल्या गोळ्या निघाल्या. मोठ्या भावाचा हात मोडला होता तेव्हाच्या.

भिंग कशासाठी, ते थोड्या वेळानं कळलं. मेडिकलमध्ये चार गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्रीनं पट्टी कापून देतो. नाव आणि घटक असलेला तुकडा बहुतेक वेळा दुकानातच राहतो आणि आपल्या हाती येतात चार चंदेरी फुगवटे, कडेला दोन-तीन अक्षरं. मॅडम ती अक्षरं लावायचा प्रयत्न करतात, नाही लागली तर पट्टी बाद. मोठ्या अक्षरांतल्या नावाकडे त्या बघतसुद्धा नाहीत. नाव तेच राहतं, पुढं एखादं 'प्लस' नाहीतर 'डी' लागलं की आतला मालमसाला बदलतो. मुलांना मात्र नावच पाठ असतं. खरं म्हणजे मुलांना कशाला, तुम्हाआम्हालाही.

सर्वांत जास्त वेळ गेला खोकल्याच्या औषधांवर. जवळपास प्रत्येक पिशवीत एक बाटली होती, आणि त्यातल्या बऱ्याच बाटल्यांच्या मागे बारीक अक्षरांत टर्ब्युटलीन लिहिलेलं. श्वासनलिका मोकळी करणारं हे द्रव्य आपल्याकडच्या कफ सिरपमध्ये पूर्वापार चालत आलंय आणि खेळाडूला ते बारा महिने बंद आहे, स्पर्धा असो वा नसो. या गटातली औषधं पोटातून मोठ्या प्रमाणात गेली तर स्नायू वाढवू शकतात, म्हणून. चमचाभर सिरपनं कुणी हिंदकेसरी होत नाही हे मॅडमनाही मान्य आहे, पण लघवीच्या नमुन्यातलं टर्ब्युटलीन चमच्यातून आलं की इराद्यानं घेतलं, हे यंत्राला सांगता येत नाही. पृथ्वी शॉचं नाव मुलांना लगेच आठवलं. फेब्रुवारी २०१९मध्ये इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याचा नमुना घेतला, त्यात हेच द्रव्य सापडलं. त्यानं खोकल्यासाठी औषध घेतलं होतं हे क्रिकेट मंडळानं मान्य केलं आणि तरीही आठ महिन्यांची बंदी घातली. त्याच्या आधी युसूफ पठाणला याच द्रव्यापायी पाच महिने बाहेर बसावं लागलं होतं. दोन प्रकरणं पेपरात गाजली, तरी मॅटवर बाटल्यांची रांग लागलीच.

"मग खोकल्याला द्यायचं काय?" रांगेमागून एका बापानं विचारलं. मॅडमनी दोन साधी औषधं लिहून दिली, दोन्हींत एकेकच घटक. आपल्याकडे एका गोळीत चार औषधं कोंबायची जी हौस आहे, तिच्यावर त्यांचा खरा राग. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल चालतं, सेटिरिझिन चालतं, फिनाइलेफ्रिनही चालतं. पण स्यूडोएफेड्रिन असेल तर स्पर्धेच्या दिवशी त्याला मर्यादा आहे. सिडनी ऑलिंपिकमध्ये २०००साली रुमानियाची सोळा वर्षांची जिम्नॅस्ट आंद्रेआ रादुकान हिचं वैयक्तिक सुवर्णपदक याच द्रव्यामुळे गेलं होतं, आणि ती सर्दीची गोळी तिला दिली होती संघाच्याच डॉक्टरनं. पुढं काही वर्षं ते द्रव्य यादीतून काढलं, २०१०मध्ये मर्यादा ठरवून परत घेतलं. तिचं पदक परत आलं नाही.

बाटल्यांना निदान लेबल असतं. पुड्यांना काहीच नसतं. गावाकडचे डॉक्टर अजूनही कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून देतात, सकाळ-संध्याकाळच्या. एक पांढरी, एक गुलाबी, एक अर्धी मोडलेली. त्या रविवारी अशा पुड्यांचा चांगलाच ढीग झाला. मॅडमनी त्या उघडूनही पाहिल्या नाहीत. अर्धी गोळी बऱ्याचदा स्टेरॉइडची असते, त्या म्हणाल्या. डेक्सामेथासोन, नाहीतर प्रेडनिसोलोन. रुग्णाला दुसऱ्या दिवशी तरतरी येते आणि डॉक्टरच्या हाताला गुण आहे अशी ख्याती होते. ही स्टेरॉइडं जिममधल्या स्नायू फुगवणाऱ्या इंजेक्शनांपेक्षा वेगळी, पण गोळीच्या किंवा इंजेक्शनच्या रूपात स्पर्धेच्या काळात तीही बंद. पोटातून घेतलेली बहुतेक तीन दिवसांत पुरेशी निघून जातात. कमरेत टोचलेल्या डेक्सामेथासोनला पाच दिवस धरायचे, ट्रायमसिनोलोनला साठ. गुडघा सुजला म्हणून गावात 'सुजेचं इंजेक्शन' घेतलेल्या मुलाला ते कोणतं होतं हे माहीत नसेल, तर तो मोजणार कुठून?

म्हणून त्या दिवशी निम्मं काम फोनवरच चाललं. पुडी देणाऱ्या डॉक्टरांना मॅडम स्वतः फोन लावत होत्या. दोघा-तिघांनी नीट सांगितलं. एकानं "मला शिकवू नका" म्हणून फोन ठेवला. नियमाचं म्हणणं सरळ आहे: शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. नववीतल्या पोरानं आपल्या डॉक्टरला "यात काय आहे ते लिहून द्या" असं म्हणावं, अशी त्यामागची अपेक्षा. ज्या गावात त्याचा बापसुद्धा डॉक्टरसमोर बूट काढून उभा राहतो, तिथं ही अपेक्षा फारच मोठी आहे. नियम सैल करा असं मी म्हणणार नाही, सैल नियमाचा फायदा आधी लबाडांनाच होतो. पण पुडीवर औषधाचं नाव लिहायची सक्ती डॉक्टरवर नसताना ती ओळखण्याची सक्ती मुलावर असावी, हे मला पटत नाही.

आणि लबाडी नाहीच असंही नाही. 'वाडा'च्या २०२३च्या आकडेवारीत भारताचे ५,६०६ नमुने होते आणि त्यातल्या दोनशेहून जास्त नमुन्यांत बंदी असलेलं काही ना काही सापडलं. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. ते सगळं काही खोकल्याच्या बाटलीतून आलेलं नाही. ज्याला खरोखर काही लपवायचंय त्याची वस्तू या मॅटवर येणारच नाही, हे मॅडमना ठाऊक आहे. पावडरींचे दोन डबे आले, ते त्यांनी न वाचताच बाजूला केले. बदामाची थंडाई प्या, म्हणाल्या. भांग सोडून.

आजोबांच्या गोळ्यांपाशी मात्र त्या थांबल्या. ज्याची पिशवी होती त्या मुलाला त्यांनी शेजारी बसवलं आणि वजन किती जास्त आहे ते विचारलं. तो वस्तादांकडे बघायला लागला. बीपीच्या कित्येक गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. पैलवानांना ते ठाऊक असतं, 'पाण्याची गोळी' म्हणतात तिला. वजनाच्या आदल्या दिवशी घेतली की काटा खाली येतो. शरीरातलं इतर काही लघवीत पातळ करून लपवायलाही ती कामाला येते, म्हणून वर्षभर बंद. रशियाची स्केटर कमिला वालियेवा पंधरा वर्षांची असताना तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे हृदयरोगाचं औषध सापडलं. आजोबांच्या औषधाचा अंश खाण्यातून गेला, अशी तिची बाजू होती. ती लवादाला पटली नाही आणि २०२४मध्ये तिला चार वर्षांची बंदी झाली. सोळा वर्षांखालच्या खेळाडूंना नियमात बरीच सवलत आहे, नुसत्या तंबीवरही सुटका होऊ शकते. पण सवलत म्हणजे माफी नव्हे.

वजन झाल्यावर उलटा प्रकार. सकाळी काट्यावरून उतरलेला, सुकून गेलेला पोरगा जवळच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावायचं, की दुपारी कुस्तीला ताजातवाना. सलाईनमध्ये औषध काहीच नाही, मीठ-पाणी. तरी बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून द्यायला बंदी आहे. आपली बाटली ५००ची असते. रुग्णालयात रीतसर उपचार चालू असतील, शस्त्रक्रिया असेल तर गोष्ट वेगळी. हे ऐकून वस्तादच जास्त चमकले.

नमुना कसा घेतात, हेही मॅडमनी सांगितलं, कारण पहिल्या वेळी मुलं घाबरून नको ते करून बसतात. कुस्ती संपली की एक माणूस येऊन तुमच्यासोबत चालायला लागतो. तो तुम्हाला नजरेआड होऊ देत नाही. बाटल्यांचा बंद संच तुम्हीच निवडायचा, किमान ९० मिलिलिटर लघवी द्यायची, ती तुमच्यासमोर 'अ' आणि 'ब' बाटल्यांत भरून सील होते. वजन उतरवून आलेल्याला तेवढी होतच नाही आणि पाणी पीत दोन-दोन तास बसावं लागतं. अल्पवयीन मुलानं आपलं मोठं माणूस बरोबर ठेवायचं. फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं विचारतात, तिथं पोरं 'काही नाही' लिहून मोकळी होतात. तसं करायचं नाही. लिहिल्यानं गुन्हा माफ होत नाही, पण पुढं बाजू मांडायची वेळ आली तर तेवढी एक ओळ कामी येते.

शेवटी मुलींच्या तुकडीतली एक आईबरोबर पुढं आली. दम्याची. पिशवीत साल्ब्युटामॉलचा पंप. पंप चालतो, मॅडमनी सांगितलं. आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे तिच्या पंपाच्या सहा फवाऱ्यांपर्यंत, आणि दिवसभरात १६००च्या वर नाही. त्याच औषधाची गोळी किंवा सिरप मात्र चालत नाही. मशीननं वाफ द्यायची तर एका कुपीतच अडीच हजार मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे दिवसाची मर्यादा एकाच वेळी ओलांडली. त्यासाठी उपचाराची सूट मागावी लागते, तपासण्यांच्या कागदांसकट.

"आणि तिकडं रात्री-अपरात्री दम लागला तर?" आईनं विचारलं.

"तर यादी बघत बसायचं नाही. सरळ दवाखाना, वाफ, जे लागेल ते द्यायचं. तातडीचा उपचार असेल तर सूट नंतरही मागता येते. फक्त काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं, ते डॉक्टरकडून सही-शिक्क्यानं लिहून घ्यायचं."

"परगावचे डॉक्टर देतील व्हय लिहून?"

मॅडमच्या आधी वस्तादच बोलले. "देत न्हाईत तवर मी तिथनं उठत न्हाई."

मॅडमनी वहीत तिच्या नावापुढं पंपाचं औषध आणि मात्रा लिहिली, आणि खाली वस्तादांचा मोबाइल नंबर.