बॅटरी नवी, तरी बोट सुरू होईना?

मालवण-तारकर्लीला पर्यटकांची बोट चालवायचा विचार आहे? मग हे शिकून घ्याच. सकाळी गिऱ्हाईक जेटीवर उभं असताना मेकॅनिकची वाट बघणं परवडत नाही.

नवी बॅटरी टाकली, सेल्फ मारला आणि नुसतं 'टक्' वाजलं, तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. मल्टीमीटर लावा. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. आता एकाला सेल्फ मारायला सांगा. आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर मोजा, मग त्यावर बसवलेल्या वायरच्या टोकांवर. खुंटावर 11 आणि टोकावर 7 आले, तर दोष जोडणीत! खाऱ्या हवेने चढलेला थर पॉलिश पेपरने घासा, नट हाताने नाही, पान्याने आवळा.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही? किल स्विचची दोरी बघा. हसू नका, घाईत राहतेच.

सगळंच बंद? प्लस-मायनस उलटं लागून फ्यूज उडाला असेल. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा टाका. इंजिन सुरू झाल्यावर, थोडा रेस देऊन, व्होल्टेज 14 च्या आसपास चढत नसेल तर रेक्टिफायर गेला असू शकतो. तिथे मेकॅनिकच हवा. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'चेक' करायला कोणी सांगितलं, तर साफ नाही म्हणा. रेक्टिफायर त्यानेही जातो.