मोटार कोण तयार करते?

चाकणला मोटारींचे मोठमोठे कारखाने आहेत. फोक्सवॅगन, महिंद्रा, मर्सिडीज. तुम्हांला वाटत असेल की सगळी मोटार तेथेच तयार होते. पण तसे नाही. जपानची टोयोटा कंपनी सांगते की बारीक स्क्रूसुद्धा मोजले तर एका मोटारीत सुमारे ३० हजार भाग असतात. एवढे सगळे एक कारखाना कुठून करील? काच एकाकडून येते, टायर दुसऱ्याकडून, दिवे तिसऱ्याकडून. मोठ्या कारखान्यात मुख्यतः सांगाडा जोडतात, रंग देतात आणि बाकीचे भाग बसवतात.

आपल्या लोणावळ्याची चिक्की घ्या. चिक्कीवाला शेंगा पिकवत नाही, गूळ करत नाही. पण चिक्की खवट निघाली तर गिऱ्हाईक त्यालाच बोलणार. म्हणून तो शेंगदाणा चावून बघूनच घेतो. मोटारीचेही असेच आहे.

माझा मामा भोसरीला एका लहान वर्कशॉपात प्रेस मशीनवर काम करतो. तिथे पत्र्याची ब्रॅकेटं बनतात. शेठ ती मोटारवाल्यांना देत नाहीत. सीट बनवणाऱ्या कंपनीला देतात, आणि मग अख्खी सीट मोटारीच्या कारखान्यात जाते. म्हणजे हे उतरंडीसारखे आहे. फक्त उतरंडीत खालचे मडके मोठे असते, इथे सगळ्यात लहान खाली. प्रेस शेठची, पण ड्रॉइंग आणि डाय वरच्या कंपनीची. ब्रॅकेट गेजमध्ये बसले नाही तर रिजेक्ट होऊन परत येते.

मोटारवाले भागांचा मोठा साठा ठेवत नाहीत, कारण त्यात पैसा अडकतो आणि जागा लागते. अमुक वाजता अमुक इतकेच ट्रे पाहिजेत, असे ते सांगतात. ही पद्धत टोयोटाची. आमचे बाबा असे ट्रे टेंपोने पोचवतात. तळेगाव-चाकण रस्ता जाम झाला की त्यांचा फोन सारखा वाजतो, "कुठवर आलास?" उशीर झाला की भाडे कापतात. आई म्हणते, रस्ता जाम झाला त्याचा दंड तुम्ही का भरायचा? मला आईचे पटते.

गुरुजींनी एक खरी गोष्ट सांगितली. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तेथे ब्रेकचा एक लहानसा व्हॉल्व्ह होत असे. टोयोटाचे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह तेथूनच यायचे आणि साठा थोड्याच तासांचा. लगेच टोयोटाचे कारखाने बंद पडले! मग कितीतरी कंपन्यांनी पैशाची बोलणी न करताच तो व्हॉल्व्ह करायला घेतला. शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनीसुद्धा त्यात होती. आठवड्याभरात मोटारी पुन्हा निघू लागल्या.

आपल्याकडे पैशाचे काय होते ते मामाने सांगितले. २००६ सालच्या कायद्यात आहे की लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत. पण तगादा लावला आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याला गेली तर? म्हणून शेठ गप्प बसतात. दिवाळीला मामाचा पगार उशिरा झाला तो यामुळेच. फटाके तुळशीच्या लग्नाला आले.

आपल्या तळेगावात २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये तो बंद पडला. २०२३ साली ह्युंदाई कंपनीने तो घेण्याचा करार केला आणि २०२५ साली तेथे पुन्हा मोटारी निघू लागल्या. पण एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या मोटारीला चालत नाही. कारखाना तोच असला तरी भाग देणाऱ्यांना नवा नमुना करून पास करून घ्यावा लागतो. मामाच्या शेठनीही एका सीटवाल्या कंपनीकडे नव्या ब्रॅकेटचा नमुना पाठवला आहे. तो पास झाला तर वर्कशॉपात दुसरी पाळी चालू होईल. अजून फोन आलेला नाही.