गोळीतला गहू, गोळीतले दूध

दवाखान्याच्या टेबलावर किंवा औषधी दुकानाच्या काउंटरवर पाचक गोळ्यांची बरणी नाही, असे ठिकाण भिवंडीत तरी विरळाच. रडणाऱ्या मुलाच्या हातावर एक गोळी ठेवावी, सुटे पैसे नसले की दोन गोळ्या द्याव्यात, हा आपल्या सर्वांचाच परिपाठ आहे. या गोळीला आपण खाऊही मानतो आणि औषधही मानतो. त्यामुळे ती नेमकी कशाची बनली आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गहू आणि दूध दोन्ही वर्ज्य असलेल्या एका बालरुग्णासाठी निर्धोक गोळी शोधण्याची वेळ आली, तेव्हा तो शोध आमच्याच बरणीपाशी येऊन थांबला. तो अनुभव आणि त्यानिमित्ताने झालेला अभ्यास व्यावसायिक बंधु-भगिनींसमोर ठेवीत आहोत.

रुग्ण नऊ वर्षांची मुलगी. वडील यंत्रमागावर कामाला, कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशातील, दोन्ही वेळच्या जेवणात पोळी ठरलेली. वारंवार द्रवमलप्रवृत्ती, आध्मान, पांडुता आणि खुंटलेली वाढ अशी लक्षणे होती. मुंबईतील एका रुग्णालयात तपासणी होऊन सीलिॲक आजाराचे निदान झाले आणि गहू कायमचा, तर दूध काही महिन्यांपुरते बंद करण्यात आले. पहिल्या तीन महिन्यांत वजन वाढले, मुलगी खेळू लागली. त्यानंतर मात्र तक्रारी पुन्हा सुरू झाल्या आणि रक्ततपासणीतील आकडा खाली येईना. आई अत्यंत दक्ष होती. तांदूळ व ज्वारी वेगळी ठेवी, बिस्किटाचा पुडा घरात येऊ देत नसे. मध्यंतरी भूक मंदावल्याचे सांगत ती मुलीला आमच्याकडे घेऊन आली होती व आम्ही हिंग्वष्टक चूर्ण दिले होते. तूप वर्ज्य म्हणून कोमट पाण्याबरोबर घेण्यास सांगितले होते. प्रत्येक भेटीत बरणीतल्या चार-सहा पाचक गोळ्याही तिच्या हाती पडत. चूर्ण व गोळ्या पुरवणाऱ्याकडे आम्ही विचारणा केली, तेव्हा दोन्हींत बंधानी हिंग वापरले जात असल्याचे समजले.

येथे थोडे थांबून व्याधीचा विचार करू. गहू, जव व राय या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे सीलिॲक रुग्णाच्या शरीरात स्वतःच्याच आतड्याविरुद्ध प्रतिक्रिया होते आणि लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील शोषणाचे अंकुर झडतात. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा संबंध १९५० मध्ये आपल्या प्रबंधात मांडला. भारतात हा आजार पाश्चात्त्यांचा म्हणून दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. दिल्ली परिसरात झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र सुमारे शंभरात एक इतके प्रमाण आढळले. दक्षिण भारतात ते त्याहून फारच कमी दिसते. भिवंडीच्या मागांवर उत्तरेकडील कामगारांची कित्येक कुटुंबे आहेत, हे ध्यानात घेतले तर आपल्या ओपीडीत असे रुग्ण येत नाहीत असे कोणी समजू नये. येतात, आपण त्यांना 'जुनाट संग्रहणी' म्हणून औषध देत राहतो.

ग्रहणीरोगाशी याचे साम्य मोठे आहे, परंतु दोन्ही एकच मानणे आम्हास मान्य नाही. ग्रहणीत अग्निदीपनाने रुग्ण पुन्हा पूर्वाहारावर येऊ शकतो. सीलिॲकमध्ये गव्हाचा त्याग आयुष्यभराचा असतो आणि कोणत्याही कल्पाने तो टळत नाही. तसेच ग्रहणीत पथ्य म्हणून सांगितला जाणारा यवमंड येथे सरळ अपथ्य ठरतो. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. शंका येताच 'गहू बंद करा' असे सांगण्याची आपली सवय घातक आहे. टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी व आतड्याच्या तुकड्याची तपासणी रुग्ण गहू खात असतानाच विश्वसनीय ठरते. आधी गहू सोडला तर तपासणी निर्दोष येऊ शकते आणि निदान वर्षानुवर्षे लांबते.

दुधाचे काय? अंकुर झडले की त्यांच्या टोकाशी असलेले लॅक्टेज हे विकरही कमी होते, म्हणून दुधातील शर्करा पचत नाही. अंकुर पुन्हा भरून आले की बहुतेकांना दूध सोसू लागते. अशा रुग्णाला तुपाचा थेंब सहसा बाधत नाही, कारण तुपात ही शर्करा जवळजवळ नसते. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी हा अगदी निराळा विकार आहे. तेथे तुपात राहिलेला अल्प अंशही धोक्याचा ठरू शकतो व प्रसंगी प्राणावर बेतते. 'दूध चालत नाही' असे पालक सांगतात तेव्हा या दोहोंपैकी काय, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता हिंगाकडे वळू. शुद्ध हिंग उग्र व चिकट असते, म्हणून व्यवहारात ते डिंक व पिठात मिसळून विकले जाते. हेच बंधानी हिंग. अन्न सुरक्षा मानकांनुसार त्यात डिंकाबरोबर खाद्य स्टार्च किंवा धान्याचे पीठ चालते आणि मद्यार्कात विरघळणारा अंश किमान ५ टक्के असला की पुरे. म्हणजे उरलेल्या भागातील बहुतांश पीठ असणे कायद्याने दोषास्पद नाही, आणि ते पीठ पुष्कळदा मैद्याचे असते. हिंग्वष्टकातील आठही द्रव्ये समभाग घेण्याचा पाठ धरला तर ३ ग्रॅम मात्रेत हिंग ३७५ मिलिग्रॅम येते. त्यात निम्मा मैदा मानला तर सुमारे १९० मिलिग्रॅम मैदा, व मैद्यात ग्लूटेन ८ टक्क्यांच्या आसपास धरल्यास एका मात्रेत १५ मिलिग्रॅम. दोन वेळचे ३०. सीलिॲक रुग्णांना दिवसाकाठी १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन बहुधा सोसते, आणि रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने घेतल्यास अंकुरांस इजा होते असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटालियन अभ्यासात दिसून आले. आमची मात्रा या दोन आकड्यांच्या मधोमध बसत होती. पाचक गोळीत हिंगाचे प्रमाण पुष्कळच कमी असते हे खरे, परंतु मूल ती मात्रेने खात नाही, मुठीने खाते.

त्यात गंमत अशी, की हिंगाचे शोधन तुपात भर्जन करूनच होते. अनुपानातले तूप आम्ही मोठ्या सावधगिरीने वगळले आणि चूर्णातले विसरलो! सुदैवाने या मुलीला प्रथिनाची ॲलर्जी नव्हती.

चूर्ण व गोळ्या थांबवल्या. तीन महिन्यांनी तपासणीतील आकडा उतरला व तक्रारीही शमल्या. केवळ आमच्या औषधामुळेच सारे बिघडले होते असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्याच सुमारास आईने ज्वारी सार्वजनिक गिरणीतून दळून आणणे बंद केले होते, आणि तेथे गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली जात असे. परंतु आमचा वाटा होता, हे नाकारता येत नाही.

मुलीने विचारलेला प्रश्न साधा होता: "मग मी कोणती गोळी खाऊ?" उत्तर शोधताना असे दिसले की जुना, साधा खाऊच बहुतांशी सुरक्षित आहे. खडीसाखर, बत्तासे, पाडव्याच्या गाठी, संक्रांतीचा काटेरी हलवा, लिमलेटच्या गोळ्या हे मुळात साखरेचे पदार्थ. तिळगूळ, शेंगदाण्याची वा राजगिऱ्याची चिक्की, आंबापोळी, फणसपोळी, साखरेत मुरवलेला आवळा यांत गव्हाचे कारण नाही. मात्र दुधाच्या बाबतीत कारागिराच्या दोन सवयी माहीत असाव्यात. पाकाची मळी काढण्यासाठी त्यात चमचाभर दूध घालतात, आणि चिक्कीच्या ताटाला तुपाचा हात लावतात. लॅक्टोज न पचणाऱ्यास यांनी काही बिघडत नाही. प्रथिनाची ॲलर्जी असेल तर बिघडते, म्हणून अशा घरी लिंबाने मळी काढलेला व तेलाचा हात लावलेला खाऊ करून द्यावा. आलेपाकात काही जण दूध किंवा साय घालतात, तेही विचारावे. नावावर विसंबू नये. 'हलवा' हा एकच शब्द, पण काटेरी हलवा साखरेचा, गाजराचा दुधाचा आणि माहीमचा गव्हाचा व तुपाचा. सोनपापडीत बेसनाबरोबर मैदा असतो. मिठाईच्या दुकानात हे सारे एकाच परातीशेजारी, एकाच चमच्याने उचलले जाते, म्हणून निर्धोक पदार्थही सुटा न घेता बंद पाकिटातला घ्यावा.

बंद पाकिटाचा मोठा लाभ म्हणजे लेबल. २०२० च्या लेबलिंग विनियमांप्रमाणे ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, सोया, शेंगदाणे, सुकामेवा इत्यादी ॲलर्जीकारक घटक पाकिटावर वेगळे नमूद करावे लागतात. घटकांच्या यादीखालची ती एक ओळ आधी पाहावी. 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट' म्हणजे जव. नुसते 'स्टार्च' लिहिलेले असेल व ते कशाचे हे कळत नसेल तर पाकीट परत ठेवावे. मक्याचे असेल तर हरकत नाही. लिक्विड ग्लुकोजला घाबरण्याचे कारण नाही. आपल्याकडे ते प्रायः मक्याचे असते आणि गव्हापासून केलेले असले तरी प्रक्रियेत प्रथिन जवळजवळ उरत नाही. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, लॅक्टोज, केसिनेट ही सारी दुधाचीच नावे. 'नॉन-डेअरी' म्हटलेल्या पदार्थातही केसिनेट सापडते. हिरवा ठिपका शाकाहाराची खूण आहे, दूध नसल्याची नव्हे. २०२२ च्या विनियमांनी आलेले व्हीगन चिन्ह दुधाविषयी सांगते, पण गव्हाविषयी अवाक्षर काढत नाही. 'ग्लूटेन-फ्री' हे शब्द मात्र अर्थपूर्ण आहेत, कारण त्यांसाठी किलोला २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा ठरलेली आहे. अशा गोळ्या मुलाने ५० ग्रॅम जरी खाल्ल्या तरी ग्लूटेन १ मिलिग्रॅमच्या वर जात नाही.

ओळखीच्या नावाचेही लेबल दर खेपेस वाचावे. वालचंद हिराचंद यांनी मालेगावजवळ उभारलेल्या रावळगावच्या गोळ्या आपल्या पिढीने लहानपणापासून खाल्ल्या. २०२४ मध्ये ती नावे व कृती रिलायन्सच्या कंपनीकडे गेल्या. नाव तेच राहून बनवणारा बदलतो, तेव्हा घटकही तेच असतील असे गृहीत धरता येत नाही. आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या पाहुण्यांच्या खाऊबाबत अधिक जपावे. तिकडची 'लिकोरिस' नावाची चिवट कांडी पाहून आपल्याला ज्येष्ठमध आठवतो व आपण निश्चिंत होतो. त्या कांड्यांचा गाभा सर्रास गव्हाच्या पिठाचा असतो, आणि लाल कांडीत तर बहुधा ज्येष्ठमध नसतोच.

आपल्या व्यवसायाची अडचण मात्र येथून पुढे आहे. पाचक गोळी, जिरागोळी, आवळ्याच्या गोळ्या यांपैकी काही अन्नपदार्थांच्या परवान्यावर येतात, तर काही आयुर्वेदीय औषधाच्या. पहिल्यांवर ॲलर्जीची ओळ बंधनकारक आहे. दुसऱ्यांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो. तेथे घटकांची यादी असते, पण ही ओळ नसते, आणि यादीत 'हिंगु' एवढेच लिहिलेले असते. शेजारशेजारच्या दोन बरण्यांतली औषधाची बरणीच अशा प्रकारे मुकी राहते. वटींना बांधण्यासाठी वापरलेले स्टार्च आणि भरीसाठी वापरलेले लॅक्टोज यांचेही तेच. च्यवनप्राश, वासावलेह यांत तूप, सौभाग्यशुंठीपाकात दूध व तूप, हे आपणास पाठ असते. रुग्णाला ते ठाऊक नसते आणि आपण सांगत नाही. इंग्रजीतली बारीक अक्षरे हिंदी, उर्दू किंवा तेलुगू बोलणाऱ्या आईने वाचावीत ही अपेक्षाच चुकीची आहे. ते काम दुकानदाराचे.

आम्ही स्वतःपुरते काही बदल केले. हिंगयुक्त कल्पांच्या प्रत्येक पुरवठादाराकडून हिंग कोणते, बंधानी असल्यास पीठ कोणते, हे लेखी मागवतो. तोंडी 'शुद्ध आहे' यावर माल घेत नाही. दोघांनी उत्तर दिले, एकाने फोन उचलणे बंद केले. सीलिॲक रुग्णापुरते हिंग्वष्टक आम्ही हिरा हिंग आणून येथेच करतो. प्रिस्क्रिप्शनच्या माथ्यावर 'गहू-जव वर्ज्य' वा 'दूध वर्ज्य (ॲलर्जी)' असे लाल शाईने लिहितो, म्हणजे औषध देणाऱ्याला ते दिसते. आमच्या खाऊला 'ग्लूटेन-फ्री' म्हणून मात्र आम्ही विकत नाही व इतरांनीही विकू नये. प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय तसे म्हणणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्या शब्दांवर विसंबून एखादे मूल ते रोज खाईल.

टेबलावरची बरणी आम्ही काढली नाही. तिच्याशेजारी एक लहान, घट्ट झाकणाची बरणी ठेवली आहे. तीत बंद वेष्टनातील खडीसाखर आणि लेबल वाचून आणलेल्या लिमलेटच्या गोळ्या असतात, आणि मोठ्या बरणीचा चमचा तिच्यात जात नाही. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. मागच्या भेटीत तिने गोळी घेतली, उलटी करून वेष्टनावरची बारीक अक्षरे स्वतः वाचली आणि मगच तोंडात टाकली.