डिजिटल प्रमाणपत्रांतील जोखीम-उल्लंघने : वेब एपीआयद्वारे नोंदींचे अद्ययावतीकरण

डिजिटल प्रमाणपत्र मुदतबाह्य होणे, त्यातील कूटलेखन दुर्बळ असणे किंवा ते अनधिकृतपणे दिले जाणे यांस जोखीम-उल्लंघन म्हणतात. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या काही डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघडकीस आले. प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांनी ३ जुलै रोजी केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. अशा प्रसंगी असंख्य नोंदी हाताने बदलणे अशक्यप्राय ठरते. वेब एपीआयद्वारे उल्लंघनाचा क्रमांक, नवी स्थिती व कारण पाठवून त्या त्वरेने अद्ययावत करता येतात. मात्र नोंद बदलल्याने धोका टळत नाही. प्रमाणपत्र प्रत्यक्ष बदलून, सर्व्हरवर पडताळणी केल्यानंतरच उल्लंघन ‘निवारित’ म्हणून नोंदवावे. अन्यथा अहवाल निर्दोष आणि संकेतस्थळ असुरक्षित, अशी विसंगती उरते.