आधी परीक्षा विभाग पाहा

ऑनलाइन पदवीसाठी चौकशीचा फॉर्म भरला की थोड्याच वेळात फोन येतो. पलीकडचा माणूस 'अ‍ॅडमिशन काउन्सेलर' असतो. तो आपुलकीने बोलतो, दहावीपासूनचे मार्क विचारतो आणि दुसऱ्या फोनला सांगतो की सीट फक्त आजच्या दिवस धरून ठेवता येईल. हा माणूस बऱ्याचदा विद्यापीठाच्या पगारपत्रकावर नसतो. अनेक खासगी विद्यापीठं जाहिरात, चौकशी आणि पाठपुरावा हे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवतात. फी जमा झाली की या काउन्सेलरचं काम संपतं. पुढची दोन-तीन वर्षं गाठ पडते ती अभ्यासक्रम समन्वयकाशी, हेल्पडेस्कशी आणि सगळ्यात जास्त परीक्षा विभागाशी. चौकशीला येणाऱ्या मुलांना आणि पालकांना म्हणूनच मी एकच आग्रह धरतो. विद्यापीठ जोखायचं तर प्रवेश विभागाकडून सुरुवात करू नका, परीक्षा विभागाकडून करा. त्याआधी थोडी कागदपत्रं मात्र घरबसल्या तपासता येतात.

पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ मध्ये लिहिलेलं आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, कलम ३ खाली 'अभिमत' ठरलेली संस्था, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणी पदवी देऊ शकत नाही. खासगी विद्यापीठामागे राज्याचा कायदा असावा लागतो. पण तेवढ्याने भागत नाही, हे छत्तीसगडने दाखवून दिलं. तिथे २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं कागदावर उभी राहिली. काहींचा सगळा संसार एका खोलीत होता. यूजीसीचे माजी अध्यक्ष प्राध्यापक यशपाल न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली ही विद्यापीठं स्थापण्याची कलमंच रद्द केली. तिथे शिकणाऱ्या मुलांना दुसऱ्या विद्यापीठांशी जोडून घेण्याची व्यवस्था करावी लागली. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करते. महाराष्ट्रातलं नागपूरचं 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी' हे नाव त्या यादीत वर्षानुवर्षं आहे.

पुढची पायरी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. विद्यापीठ खरं आहे, याचा अर्थ त्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम मान्य आहे असा होत नाही. सप्टेंबर २०२० च्या नियमांनुसार दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी यूजीसीची वेगळी मान्यता लागते आणि ती अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक तपासावी लागते. ऑनलाइन पदवी सुरू करायची तर साधारणपणे नॅकच्या मूल्यांकनातला गुणांक चारपैकी किमान ३.०१ असावा लागतो किंवा केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीतल्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात जागा असावी लागते. काल-परवा उभं राहिलेलं छोटं विद्यापीठ या चाळणीतून सहसा जात नाही. त्यामुळे नव्या, लहान विद्यापीठाचा ऑनलाइन एमबीए स्वस्तात मिळतोय असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबावं आणि यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डेबच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव आणि सत्र या तिन्ही गोष्टी सापडतात का ते पाहावं. जुलै-ऑगस्टच्या सत्राची मान्यता होती, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीची असेलच असं धरून चालू नये.

काही विषय ऑनलाइन शिकवायलाच बंदी आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, नर्सिंग, वास्तुशास्त्र, कायदा यांच्या पदव्या या मार्गाने मिळत नाहीत. पीएचडीही नाही. एड-टेक कंपन्यांच्या साथीने परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन पीएचडीच्या जाहिराती झळकू लागल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीई यांनी मिळून सूचना काढली की अशा पीएचडीला मान्यता नाही. एवढं होऊनही प्राध्यापक होऊ पाहणारी मुलं आजही त्यात पैसे घालतात आणि मुलाखतीच्या टेबलावर त्यांना खरं काय ते कळतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मान्यता पक्की दिसली की प्रवेशाची प्रक्रिया तशी सोपी आहे. आधी डिजिलॉकरमधून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक काढायचा, मग डेबच्या संकेतस्थळावर नोंदणी करून डेब-आयडी घ्यायचा. २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला हा आयडी लागतो. तो आपण स्वतः काढावा. 'तुमच्या वतीने काढून देतो, फक्त आधारचा ओटीपी सांगा' म्हणणाऱ्याला तो सांगू नये.

मग फी. 'महिन्याला एवढेच' असं जे सांगितलं जातं, त्यामागे पुष्कळदा वित्तकंपनीचं कर्ज असतं. विद्यापीठाला फी एकरकमी मिळून जाते आणि कर्जदार म्हणून नाव राहतं विद्यार्थ्याचं. दुसऱ्या सत्रात शिक्षण सोडलं तरी हप्ते चालूच राहतात. म्हणून सही करण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: पैसे कोणाच्या खात्यात जाणार आणि पावती कोणाच्या नावाची? विद्यापीठाच्या खात्याशिवाय दुसरं कोणतंही उत्तर आलं तर कागद पूर्ण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याच बैठकीत इग्नूची (स्थापना १९८५) आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची (१९८९) फीही ताडून पाहावी. त्याच नावाची पदवी तिथे बरीच कमी पैशात मिळत असेल, तर खासगी विद्यापीठ त्यापेक्षा जास्त काय देतं ते त्यांना विचारायचा आपल्याला हक्क आहे. चांगल्या लहान विद्यापीठाकडे त्याचं उत्तरही असतं: नावाने ओळखणारे शिक्षक, लवकर तपासून मिळणारे गृहपाठ, शंका विचारायला खरोखर उघडी असलेली वेळ.

अभ्यासाचा हिशेब जाहिरातीत कुठेच नसतो, तो इथे मांडतो. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचा एक पेपर १२० तासांचा. सत्रात वीस क्रेडिट धरली तर ६०० तास. वीस आठवड्यांवर वाटले तर आठवड्याला तीस तास होतात, म्हणजे रोज चार तासांहून अधिक. यात व्हिडिओ पाहणं, वाचन, चर्चा, गृहपाठ सगळं आलं. दिवसभर नोकरी करून, घरी स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास उरकून रात्री नऊला लॅपटॉप उघडणारी बाई हे चार तास कुठून आणणार, याचा विचार तिने आणि तिच्या घरच्यांनी प्रवेशाआधी करायला हवा. जमणार नसेल तर सत्रात कमी क्रेडिट घेता येतात का आणि पदवी पूर्ण करायला जास्तीत जास्त किती वर्षं मिळतात, हे विचारून ठेवावं. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कितीतरी जणींना दुसरी वाट नसते. ही सोय त्यांच्यासाठी मोलाची आहे, म्हणूनच ती प्रामाणिकपणे चालावी असं मला वाटतं.

अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भार असतो. परीक्षा देखरेखीखालीच व्हावी लागते, मग ती केंद्रावर असो किंवा घरून. घरून असेल तर तिचं स्वरूप आधी समजून घ्यावं. परीक्षेआधी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात. मग लॅपटॉप उचलून खोली चारी बाजूंनी दाखवायची, टेबलाखालचा भागही. भिंतीवर मुलांनी चिकटवलेला पाढ्यांचा तक्ता असेल तर काढायला लावतात. कानात काही नाही हे केस मागे सारून दाखवावं लागतं. त्यानंतर दीड-दोन तास नजर पडद्यावर. दोन खोल्यांच्या घरात मागून सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन गेल्या, तरी सॉफ्टवेअर 'दुसरी व्यक्ती दिसली' अशी नोंद करतं. ती नोंद नंतर एखादा माणूस तपासतो की थेट पेपर रद्द होतो, हे प्रत्येक विद्यापीठात वेगळं असतं आणि याचं उत्तर परीक्षा विभागच देऊ शकतो. सराव परीक्षा असते, ती टाळू नये. मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवावं, कारण वीज गेली की आधी राउटर बंद पडतो. मध्येच जोडणी तुटली तर पडद्याचा वेळेसकट फोटो काढून त्याच दिवशी परीक्षा विभागाला ईमेल करावा. हेल्पडेस्कच्या चॅटवर दिलेली तक्रार महिन्याने सापडेलच असं नाही.

आता भेटीकडे वळू. ऑनलाइन शिकणाऱ्यानेही शक्य असेल तर एकदा विद्यापीठ प्रत्यक्ष पाहावं, आणि लांब असेल तर त्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला पाठवावं. जायचं ते कामाच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास. 'ओपन डे'ला सजावट पाहायला मिळते, कामकाज नाही. पुष्कळ खासगी विद्यापीठं शहरापासून दूर, महामार्गाच्या कडेला असतात. शिरल्याबरोबर स्वागतकक्ष लागतो, तिथे काचेच्या पेटीत परिसराची प्रतिकृती असते, आणि तिथून प्रवेश विभागाकडे नेणारा माणूस लगेच सोबत येतो. त्याचे आभार मानून विचारावं, परीक्षा विभाग कुठे आहे?

तो बहुधा मागच्या इमारतीत असतो. खिडकीबाहेरची रांग पाहावी आणि रांगेतल्या मुलांशी बोलावं. कोणी गुणपत्रिकेतलं आईचं नाव दुरुस्त करायला आलेलं असतं, कोणी पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाचं काय झालं ते विचारायला. किती खेपा झाल्या, हे त्यांना विचारलं की अर्धी माहिती मिळते. सूचनाफलकावर शेवटचा निकाल कोणत्या तारखेला लागला ते वाचावं. मग खिडकीतल्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत. परीक्षा संपल्यावर निकाल किती दिवसांत लागतो? पदवी प्रमाणपत्र केव्हा मिळतं? (विद्यार्थी पात्र ठरण्याच्या अपेक्षित तारखेपासून १८० दिवसांत पदवी दिली पाहिजे, असा यूजीसीचा २००८ चा नियम आहे.) आणि ट्रान्स्क्रिप्ट थेट परदेशी संस्थेला पाठवता का? कॅनडाच्या कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या मराठी मुलांना या तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व विचारा. तिथे पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या वेससारख्या संस्था ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच मागवतात. परीक्षा विभागाने पाकीट पाठवायला चार महिने लावले तर टोरांटोत बसलेल्या मुलाला नुसती वाट पाहावी लागते.

परत येताना ऑनलाइन शिक्षण केंद्राचं कार्यालय शोधावं. नियमांनुसार तिथे अंतर्गत गुणवत्तेसाठी वेगळं केंद्र, त्याचा संचालक आणि प्रत्येक अभ्यासक्रमाला समन्वयक असायला हवा. समन्वयकाची प्रत्यक्ष गाठ पडली आणि त्याने पहिल्या सत्राचे पेपर न अडखळता सांगितले, तर ती चांगली खूण. ग्रंथालय पाहावं, पण ऑनलाइन विद्यार्थ्याला कपाटांपेक्षा ई-ग्रंथालयाचं लॉगिन मिळतं का हे जास्त महत्त्वाचं.

पदवी हातात आल्यावर तिची किंमत कमी धरली जाणार नाही ना, ही भीती अनेकांना असते. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. सरकारी भरतीत कोणी अडवलं तर ते परिपत्रक आणि आपल्या सत्राच्या मान्यतेचा कागद दोन्ही जवळ असावेत. मान्यतेचा कागद प्रवेशाच्या दिवशीच उतरवून ठेवावा, कारण संकेतस्थळावरच्या याद्या बदलत राहतात.

मध्येच प्रवेश रद्द करावा लागला तर यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या धोरणात पायऱ्या आहेत: प्रवेशाच्या अंतिम तारखेआधी पंधरा किंवा अधिक दिवस असतील तर पूर्ण फी परत, पंधरापेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, त्यापुढे काही नाही. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला तर विद्यापीठांना मनाईच आहे.

आणि तरीही कोणी ऐकलं नाही, तर २०२३ च्या तक्रार निवारण नियमांचा आधार घ्यावा. आधी विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार द्यायची. समितीने पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. ज्या विद्यापीठांनी लोकपाल नेमलेच नव्हते त्यांची नावं यूजीसीने २०२४ मध्ये जाहीर केली होती. आपण निवडलेल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लोकपालाचं नाव आणि ईमेल सापडतो का, हे फी भरण्याआधी पाहून घ्यावं. सापडला नाही तर परीक्षा विभागाला विचारायच्या प्रश्नांमध्ये हा चौथा घालावा.